एक किलो सातशे ग्रॅम

१९ मे

शिलाई दुकानाच्या मालकीणबाईंस,

आपलं फोनवर दोनदा बोलणं झालं आणि दोन्ही वेळा तुम्ही फोन मध्येच ठेवलात. दुसऱ्यांदा ठेवताना म्हणालात की जे काय असेल ते लिहून पाठव, तुझा आवाज डोक्यात जातो. म्हणून लिहिते आहे.

यासोबत वजनकाटा पाठवला आहे. नवा आहे. आमच्या प्रयोगशाळेत प्रमाणित मापं ठेवून मी स्वतः तपासला आहे, पन्नास ग्रॅमपर्यंत अचूक आहे. सपाट, कडक फरशीवर ठेवावा, चटईवर नाही. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, रोज त्याच कपड्यांत उभं राहावं. आकडा स्थिर झाला की लिहावा आणि मला कळवावा.

हॉस्पिटलने सांगितलं तेच पुन्हा लिहिते, म्हणजे नंतर गैरसमज नकोत. किडनी देणाऱ्याचं वजन त्याच्या उंचीच्या मानाने एका मर्यादेच्या आत असावं लागतं. तुमच्या उंचीला ती मर्यादा एकाहत्तर किलो आहे. परवा तिथे तुमचं वजन शहात्तर किलो चारशे भरलं. बाकीच्या सगळ्या तपासण्यांत तुम्ही बसता. फेरतपासणी दहा ऑगस्टला आहे. म्हणजे बारा आठवडे आणि पाच किलो चारशे ग्रॅम.

बाबा दोन वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिसवर आहेत. त्यांचं हृदय थकत चाललं आहे. पुढच्या वर्षी त्यांना ऑपरेशन झेपेल याची डॉक्टरांना खात्री नाही. म्हणजे जे काय व्हायचं ते या वर्षीच व्हायला हवं.

मी स्वतः दिली असती. तपासणीत कळलं की मला जन्मापासून एकच किडनी आहे. हे मी फोनवर सांगत असताना तुम्ही हसलात.

तुम्ही होकार दिलात याबद्दल आभार मानायला हवेत. मानते.

त्यांची धाकटी मुलगी


२७ मे

काटेवाल्या बाई,

तुझा काटा पोचला. खोक्यात तपासणीचं प्रमाणपत्रही निघालं, सही-शिक्क्यासकट. माझ्या लग्नाचे कागदसुद्धा इतके नीट नव्हते, आणि घटस्फोटाचे तर नाहीच.

हसले ते तुला नाही हसले. मनात आलं, या माणसाने दोन घरं केली, आणि ज्या घरी राहायला गेला त्याच घरी किडनी एक निघाली. तुला यात विनोद दिसत नसेल. मला दिसला. इतक्या वर्षांत त्यांच्या नावावर पहिल्यांदा हसू आलं, तेवढं राहू दे मला.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर जिम आहे. आठ वर्षं डोक्यावर धपाधप ऐकतेय, गेल्या शनिवारी पहिल्यांदा तो जिना चढले. ट्रेनर वयाने माझ्या निम्मी आणि आवाज हवालदाराचा. पहिल्याच दिवशी चाळीस उठाबशा, मग हातात डंबेल देऊन फळीवर चढ-उतर. त्या दिवशी काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी वाटलं. तिसऱ्या दिवशी मशीनच्या पायडलवर पाय ठेवला आणि तोंडातून जे काही निघालं त्याने समोरचं गिऱ्हाईक कापड घेऊन उठलं. कमोडवर बसताना भिंत धरते, उठताना नळ धरते. जिना उलटी उतरते, तोंड भिंतीकडे करून. खालच्या चष्मेवाल्याने विचारलं, काही पडलंय का, शोधू लागू का. हात खांद्याच्या वर जात नाही, त्यामुळे शिवलेले कोट खुंटीवर लावायचे राहिलेत, खुर्च्यांवर बसवलेत. दुकानात गेलं की वाटतं मीटिंग चालू आहे.

एका शाळेचे साठ युनिफॉर्म जूनच्या दहा तारखेला द्यायचे आहेत. तरीही रोज जाते.

आज सकाळचं वजन शहात्तर नऊशे. त्याचं काय करायचं ते तू बघ.

आणि मला मालकीणबाई लिहू नकोस. दुकान भाड्याचं आहे.


१ जून

तुमचं पत्र मिळालं. गिऱ्हाईक, चष्मेवाला आणि खुर्च्यांवरचे कोट यांबद्दल एक पानभर आहे. वजनाबद्दल एक ओळ आहे.

ती ओळ अशी की वजन पाचशे ग्रॅमने वाढलं आहे. कमी व्हायचं होतं.

अंग दुखणं समजू शकते. बाबांच्या हातात आठवड्यातून तीनदा दोन जाड सुया घालतात, ते त्याबद्दल पानभर बोलत नाहीत.

कृपया रोजचे आकडे पाठवावेत. तारीख, वेळ, वजन. बाकी काही नसलं तरी चालेल.


५ जून

बाई,

घे तुझे आकडे. २८ मे, सत्याहत्तर. ३० मे, सत्याहत्तर तीनशे. २ जून, सत्याहत्तर आठशे. आज सकाळी सात वाजता, उपाशीपोटी, त्याच एका गाउनमध्ये, अठ्ठ्याहत्तर शंभर. मधल्या दिवशी उभी राहिले नाही, कारण उभं राहवत नव्हतं.

मलाही बरं वाटलं नाही हे बघून. काट्यावरून उतरले आणि पुन्हा चढले. तोच आकडा. मग गाउन काढून चढले. ते तुझ्या नियमात बसत नाही, पण घरात कोणी नव्हतं. शंभर ग्रॅमचा फरक पडला.

ट्रेनरला सांगितलं तर ती म्हणाली, सुरुवातीला होतं, काट्याकडे बघू नका. तिला म्हटलं, काट्याकडे मी बघत नाहीये, दुसरंच कोणीतरी बघतंय.


९ जून

आकडे मिळाले. सतरा मे ते पाच जून, एकूण वाढ एक किलो सातशे ग्रॅम. तुमचा व्यायाम सुरू होऊन पाच जूनला तेरा दिवस झाले होते.

एक किलो चरबी म्हणजे साधारण सात हजार सातशे कॅलरी. एक किलो सातशेच्या तेरा हजार नव्वद होतात. तेरा दिवसांनी भागलं तर रोज एक हजार सात कॅलरी, शरीराला लागतात त्यांच्या वर. तुम्ही म्हणता तो व्यायाम खरंच होत असेल तर आणखी जास्त. इतकं चुकून खाल्लं जात नाही. इतकं ठरवून खावं लागतं.

काट्यात दोष असण्याची शक्यता मी पाहिली. त्याच्या जोडीचा काटा माझ्या टेबलावर आहे, तो पुन्हा तपासला. दोष नाही. मग उरता तुम्ही.

तुम्ही नऊ वर्षांच्या असताना बाबा 'रविवारी येतो' असं सांगून गेले आणि आले नाहीत, हे मला माहीत आहे. त्यांनीच मला सांगितलं आहे. त्यांना आता तसंच आशेवर ठेवायचं असेल, तर तसं म्हणा. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा. ज्याला द्यायचं नाही त्याने देत नाही म्हणावं, म्हणजे आम्हाला दुसरीकडे नाव लावता येतं. होकार द्यायचा आणि वजन वाढवत राहायचं, म्हणजे नकाराचं काम काट्याकडून करून घ्यायचं. माझ्या काट्याकडून.

मला उत्तर एका शब्दात चालेल.


१० जून

प्रति,
दाता समन्वयक, मूत्रपिंड प्रत्यारोपण विभाग

महोदया,

माझ्या वडिलांच्या नियोजित प्रत्यारोपणासंदर्भात हे पत्र आहे. दाता या माझ्या सावत्र भगिनी असून त्यांना वजन कमी करण्यासाठी बारा आठवड्यांची मुदत देण्यात आली आहे. गेल्या तीन आठवड्यांतील त्यांच्या वजनाच्या नोंदी सोबतच्या तक्त्यात दिल्या आहेत. वजनकाटा प्रमाणित आहे. वाढ सातत्याने झालेली असून ती अनवधानाने झाली असणे गणिताने संभवत नाही.

दात्याची किडनी देण्याची इच्छा नसावी, असा माझा निष्कर्ष आहे. वेळ वाया जाऊ नये यासाठी आपण योग्य ती कार्यवाही करावी, ही विनंती.

रुग्णाची कन्या


१५ जून

युनिफॉर्म दहा तारखेला दिले. साठच्या साठ. आता तुझ्याकडे बघते.

तेरा हजार नव्वद कॅलरी. मी काय बेकरीत मुक्कामाला होते? सकाळी दोन अंडी, दुपारी डबा, संध्याकाळी सूप, आणि हे सगळं ट्रेनरच्या वहीत लिहिलेलं असतं, कारण तीही तुझ्यासारखीच आहे, फक्त तिच्या तोंडात गोडवा आहे. ते गणित मी तिला वाचून दाखवलं. ती इतकी हसली की डंबेल खाली ठेवावं लागलं. मग तिने मला बसवून सांगितलं, ते तुलाही सांगते, तुझ्या प्रयोगशाळेत कोणी सांगितलेलं दिसत नाही. कधी न वापरलेल्या स्नायूंवर एकदम ताण आला की त्यांत बारीक बारीक चिरा पडतात. तिथे सूज येते. म्हणून दुखतं. सूज म्हणजे पाणी. शिवाय स्नायू नव्या कामासाठी साखर साठवायला लागतात, आणि ती साठते तीही पाणी धरूनच. तीन-चार आठवडे असं राहतं, मग उतरतं. पुष्कळ बायका याच आठवड्यात घाबरून सोडून देतात, असंही म्हणाली.

मला हे कळायला ट्रेनर लागायला नको होती. कोरं कापड भिजवून बाहेर काढलं की उचलताना हात भरून येतो. म्हणून कापड वाढलं असं कोणी म्हणतं का? मी टेप घेतला. व्यायाम सुरू करायच्या आदल्या दिवशी कंबर एकोणचाळीस होती, आता सव्वाअडतीस आहे. माझा टेप प्रमाणित नाही. त्याने मी बावीस वर्षं लोकांचे कपडे शिवले आणि एकही परत आला नाही.

आता रविवारचं. त्यांनी तुला सांगितलं तर. कधी, जेवताना? चहा पिताना? आणि तू काय म्हणालीस, बाबा, वाईट वाटून घेऊ नका? मला तो एक रविवार आठवतही नाही. मला त्यानंतरचे आठ आठवतात. आई न्हाऊ घालून, इस्त्रीचा फ्रॉक चढवून पायरीवर बसवायची, चुरगळू नकोस म्हणायची. नवव्या रविवारी मीच म्हटलं, मी खेळायला जाते. हे त्यांनी तुला सांगितलेलं नसणार, कारण हे बघायला ते नव्हते.

मला जर नाही म्हणायचं असतं तर मी तुला फोनवर नाही म्हटलं असतं, आणि त्यात मजाही आली असती. वजन वाढवून नाही म्हणण्याइतकी लबाड बुद्धी तुला सुचली, म्हणजे ती तुझ्याकडे आहे.

यापुढे आकडे मागू नकोस. काटा पलंगाखाली ढकलला आहे.


२२ जून

काल बाबांना डायलिसिसला नेलं. आत जाताना त्यांचं वजन एकसष्ट किलो आठशे होतं. चार तासांनी बाहेर येताना एकोणसाठ चारशे. असे दोन-दोन आकडे मी दोन वर्षं एका वहीत लिहिते आहे. मधल्या दिवसांत अंगात साठलेलं पाणी मशीन काढून घेतं. पाणी गेल्यावर जे उरतं त्याला तिथे ड्राय वेट म्हणतात, आणि बाबांचं खरं वजन आम्ही तेच धरतो. काट्यावरचा पहिला आकडा बघून मी त्यांना एकदाही विचारलं नाही की काय खाल्लंत.

दुसरा आकडा लिहिताना पेन थांबलं. बाबांचं वजन दोन दिवसांत दोन किलो चारशे वाढतं, तेव्हा मी त्याला पाणी म्हणते. तुमचं तीन आठवड्यांत एक किलो सातशे वाढलं, तेव्हा मी त्याला लबाडी म्हटलं. तिथल्या डॉक्टरांना विचारलं. तुमची ट्रेनर बरोबर आहे.

मापन बरोबर होतं. त्याचा अर्थ मी चुकीचा लावला. हे काम मी रोज करते, तरी. ही चूक पूर्णपणे माझी आहे.

रविवारबद्दल मी लिहायला नको होतं. ते त्यांनी मला जेवताना किंवा चहा पिताना सांगितलं नाही. पहिल्यांदा आयसीयूत होते, तेव्हा सांगितलं.

व्यायाम चालू ठेवावा, ही विनंती. आकडे नकोत. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.


२७ जून

प्रति,
रुग्णाची कन्या

आपले दि. १० जूनचे पत्र आणि ते मागे घेण्याबाबतचे दि. २३ जूनचे पत्र मिळाले.

दात्याच्या इच्छेविषयी कोणीही लेखी शंका घेतल्यास ती नोंदवणे आणि तिची शहानिशा करणे आमच्यावर बंधनकारक आहे. असे पत्र मागे घेता येत नाही. त्यानुसार पुढील सर्व प्रक्रिया तूर्त थांबवण्यात आली आहे. दात्यास स्वतंत्रपणे भेटीस बोलावले असून ही भेट नातेवाइकांच्या अनुपस्थितीत होईल. भेटीत काय बोलणे झाले ते आपणास अथवा रुग्णास कळवले जाणार नाही. दात्याने माघार घेतल्यास 'दाता वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही' एवढेच कळवण्यात येईल.

आपल्या गणिताबाबत: व्यायामाच्या पहिल्या महिन्यात अशी वजनवाढ नेहमी दिसते. आपण पत्राऐवजी फोन केला असता तर आम्ही तेव्हाच सांगितले असते.

दाता समन्वयक


२९ जून

गेल्या पत्रात मी लिहिलं की लिहिण्यासारखं बाकी काही नाही. ते खरं नव्हतं.

दहा जूनला मी हॉस्पिटलला पत्र लिहिलं की तुमची द्यायची इच्छा नाही. तुमच्या वजनाचा तक्ता जोडला. नऊ तारखेला तुमच्याकडे एका शब्दाचं उत्तर मागितलं होतं, आणि त्याची वाट न बघता दुसऱ्या दिवशी हे पत्र टाकलं. माझी चूक मला एकवीस तारखेला कळली. तेविसाला पत्र मागे घ्यायचा प्रयत्न केला. ते मागे घेता येत नाही. त्यांनी सगळं थांबवलं आहे आणि ते तुम्हाला एकटीला बोलावतील.

तुम्हाला हे त्यांच्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते आहे. बाबांना यातलं काही माहीत नाही. त्यांना वाटतं सगळं ठरल्याप्रमाणे चाललं आहे. ते ऑगस्टचे दिवस मोजत आहेत.

तुम्ही तिथे काय सांगावं याबद्दल मला काही लिहिण्याचा हक्क उरलेला नाही.


४ जुलै

तुझं पत्र काल आलं. मी परवाच जाऊन आले होते. तेव्हा आधी कळवायची तुझी धडपडही वाया गेली.

ऐक, कसं होतं ते. छोटी खोली, दोन खुर्च्या, मध्ये टेबल. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, चष्मा दोरीला लावलेला. समोर माझी फाइल आणि वर तुझं पत्र. माझ्या बाजूने उलटं होतं. मला उलटं वाचता येतं. गिऱ्हाईक समोर बसून मापं लिहून देतं, तेव्हा वाचून वाचून सवय झाली. पहिल्यांदा तक्ता दिसला. माझे आकडे, तुझं अक्षर. मी आंघोळीआधी गाउनमध्ये थंड फरशीवर उभी राहून लिहिलेले, दुखत्या हाताने. ते माझ्याच विरुद्ध तिथे मांडलेले. आणि खाली 'निष्कर्ष'. तो शब्द मला दोनदा वाचावा लागला. माझ्याबद्दल आजवर लोकांनी पुष्कळ काय काय म्हटलंय, पण निष्कर्ष पहिल्यांदाच काढला.

बाईंनी वजनाचं काही विचारलंच नाही. पत्र उचलून फाइलच्या खाली घातलं आणि म्हणाल्या, इथे बोललेलं या भिंतींच्या बाहेर जाणार नाही. तुम्ही नको म्हटलंत तर आम्ही वैद्यकीय कारण सांगू, तुमच्यावर काही येणार नाही. मग म्हणाल्या,

"तुम्हाला द्यायची आहे का?"

तुला खरं सांगू? हे मला कोणी विचारलंच नव्हतं. तू फोनवर म्हणालीस, तुमचं रक्त जुळतं. हॉस्पिटलने फॉर्म दिला. तुझ्या वडिलांनी तर माझ्याकडे बघितलंही नाही, माझ्या चपलांकडे बघत होते. त्या बाईने विचारलं आणि मी गप्प झाले. घड्याळात बघितलं नाही, पण तिने मधे उठून पाणी आणून दिलं, मी ते प्यायले, आणि तरीही मी गप्पच होते. तुझ्या पत्राने एक तरी गोष्ट झाली. मला दार दाखवलं गेलं. उघडं, आणि बाहेर कोणी उभं नाही असं.

मग मी उत्तर दिलं. काय, ते तुला सांगणार नाही. तुला अंदाज बांधायची हौस आहे, बांध.

त्यांनी म्हटलंय, दहा ऑगस्टला तपासणीला या, त्याच दिवशी पुन्हा विचारू. मधे मन बदललं तरी चालेल.

तोवर मला लिहू नकोस.


२१ जुलै

तुम्ही लिहू नको म्हणालात, तरी लिहिते आहे. उत्तर मागण्यासाठी नाही.

बाबांना गेल्या आठवड्यात धाप लागली, दोन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. फुप्फुसात पाणी झालं होतं. आता घरी आहेत. डॉक्टर म्हणाले की सप्टेंबरपुढे ढकलू नये.

काल त्यांना सगळं सांगितलं. माझं पत्र, तक्ता, सगळं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू तिला फक्त मोजलंस. मी तर तेवढंही केलं नाही." आणि म्हणाले की तिने नाही म्हटलं तर तू तिच्या दारात जायचं नाहीस.

मी जाणार नाही. हे तुम्हाला माहीत असावं, एवढंच.


११ ऑगस्ट

काल जाऊन आले. वजन मर्यादेच्या आत आहे. किती, ते सांगणार नाही. तिथल्या नर्सने मोठ्याने वाचलं, ट्रेनर सोबत आली होती, तिने टाळी वाजवली, मी तिला गप्प बसवलं. पायऱ्या आता सरळ उतरते.

मग त्याच खोलीत त्याच बाईंनी तोच प्रश्न विचारला. या वेळी मी गप्प बसले नाही. दोन जुलैला म्हणाले होते तेच पुन्हा म्हटलं. हो.

ऑपरेशन दोन सप्टेंबरला आहे.

त्यांनी विचारलं, का. त्यांना लिहावं लागतं म्हणे. त्यांना जे सांगितलं ते तुलाही सांगते, कारण नाहीतर तू काहीतरी गोड समजून घेशील. मे महिन्यात तपासणीच्या दिवशी मी तुझ्या वडिलांना इतक्या वर्षांनी बघितलं, तेव्हा चेहऱ्याकडे नीट बघवलं नाही, म्हणून शर्टाकडे बघितलं. कॉलरचं वरचं बटण लावलेलं होतं आणि आत अख्खा हात जाईल इतकी ती सैल होती. कोणीतरी जुनाच शर्ट धुऊन, इस्त्री करून घातला होता. ते कोणी म्हणजे तू असणार. मी तीस वर्षं ज्या माणसावर रागावले होते तो त्या कॉलरच्या मापाचा होता. हा तर तेवढा उरलाच नव्हता. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, इतक्या लहान माणसाला नाही म्हणायला मला जमत नाही. एवढंच कारण आहे. माया नाही, पुण्य नाही. त्यांनी लिहून घेतलं.

तुझ्या वडिलांनी तुला जे म्हटलं ते तू मला कळवलंस. बरं केलंस. पण ते त्यांचं माझ्याशी बोलणं आहे असं मी धरत नाही. बोलायचं असेल तर त्यांना तोंड आहे.

आता तुझं. त्यांच्यावरचा राग जुना, धुऊन धुऊन विरला. तुझ्यावरचा कोरा आहे. तू मला लबाड म्हणालीस त्याचा नाही. ते तू मला लिहिलंस, मी तुला लिहिलं, फिटलं. मी ज्या दुखऱ्या अंगाने तो तक्ता भरून पाठवला, तो उचलून तू परक्यांपुढे ठेवलास. मी विश्वासाने दिलं होतं असं नाही म्हणणार, पण दिलं तुला होतं.

म्हणून काल एक फॉर्म भरला. ऑपरेशननंतर माझी माहिती कोणाला द्यायची, असा एक रकाना असतो. तिथे ट्रेनरचं नाव घातलं. कोणाला देऊ नये, असाही एक रकाना असतो. तो सहसा रिकामा राहतो म्हणे. तिथे तुझं नाव घातलं. ताप किती, लघवी किती, शुद्धीवर कधी आले, घरी कधी गेले, यातलं काही तुला कळणार नाही. माझ्या खोलीच्या दारापर्यंत आलीस तर नर्स परत पाठवेल, तिला सांगून ठेवलंय. तुझ्या वडिलांचे आकडे तुला मिळतील. तेवढे लिही वहीत.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी विचारलं, की ती कशी आहे, तर खरं ते सांग. म्हण, मला माहीत नाही.